आवृत्ती कुठली?

युरोपला जायचं ठरलं की साधा माणूस आधी पासपोर्टची मुदत बघतो, मग एफडीची. गाइडबुकवाले काका आधी पुस्तक बघतात. असे काका नौपाड्यात असतात, पार्ल्यात असतात, कोथरूडमध्ये तर एकेका सोसायटीत दोन-दोन. बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे कुठलाही छापील कागद हातात आला की त्यावरची तारीख तपासल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नाही.

दुकानात ते मुखपृष्ठाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आयफेल टॉवर काय, सगळ्यांवरच असतो. ते थेट कॉपीराइटच्या पानावर जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पुस्तक नाकाशी नेतात. ‘‘छापलंय गेल्या वर्षी, म्हणजे लेखक हिंडून आला त्याच्याही आधी,’’ असा निकाल देऊन ते पुस्तक जागेवर जातं. यात काकांचं चुकत नाही. हॉटेलचे दर आणि बसच्या वेळा पुस्तक बाजारात येईपर्यंतच शिळ्या झालेल्या असतात. इतिहास, जुन्या गावांचे नकाशे, कुठलं संग्रहालय कुठल्या वारी बंद, हा मजकूर त्यामानाने टिकाऊ. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला फुटपाथवर त्यांना क्रोएशियाचं कोरं करकरीत पुस्तक स्वस्तात मिळत होतं. आत सगळे दर कुनांमध्ये! तिथे १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो, हे त्यांनी विक्रेत्याला नीट समजावून सांगितलं, त्या आधारावर भाव पाडून घेतला आणि पुस्तक न घेताच घरी आले.

त्यांची दुसरी परीक्षा जास्त कडक. ज्या प्रकाशनाचं युरोपचं पुस्तक घ्यायचं, त्याचंच भारतावरचं पुस्तक मागवायचं आणि मुंबईचं पान उघडायचं. ‘‘आपल्या गावाबद्दल हे काय बरळतात ते बघा, म्हणजे रोमबद्दल कितपत विश्वास ठेवायचा ते कळतं.’’ लिओपोल्ड कॅफे सापडला, दादर सापडलं नाही, की त्या प्रकाशनाचं रोमसुद्धा बाद. ही युक्ती मात्र खरोखर चोरण्यासारखी आहे. माहितीतल्या गावावरून अनोळखी गावाचा अंदाज बांधायला काकांइतकं तिरसट असावं लागत नाही.

गाइडबुकांच्या इतिहासावर बोलायला लागले की काकू उठून कुकर लावतात. लंडनच्या जॉन मरेचं पहिलं हँडबुक १८३६चं. त्याच्याही आधी, १८२७ साली, कोब्लेन्झला कार्ल बेडेकरने प्रकाशनसंस्था काढली. पुढे त्याच्या लाल पुस्तकांत प्रेक्षणीय स्थळांना तारे मिळू लागले. लोणचेवाल्या बेडेकरांशी त्याचं काही नातं नाही, हे काका स्वतःहून सांगतात, पण सांगताना त्यांचा चेहरा पडतो. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ साली आशियाच्या स्वस्त प्रवासावर एक चोपडं काढलं आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभं राहिलं, हेही त्यांना पाठ आहे.

‘‘अहो, हे सगळं फोनमध्ये असतं आता,’’ काकू एकदाच म्हणाल्या.

‘‘फोन? १९४४ साली नॉर्मंडीत उतरायचं होतं तेव्हा दोस्त सैन्यासाठी मिशलँ गाइड मुद्दाम छापून घेतलं होतं! शहरांचे नकाशे त्याच्यात होते म्हणून. कुठली आवृत्ती माहितीये? १९३९ची!’’

‘‘म्हणजे पाच वर्षं जुनी चालली की त्यांना,’’ काकू म्हणाल्या. त्या दिवशी काका जेवताना फारसं बोलले नाहीत.

शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो, म्हणून पीठ मोजायच्या काट्यावर पुस्तकं चढतात. ‘डीके आयविटनेस’ची चित्रं काकांना मनापासून आवडतात. चर्चची भिंत कापून आतलं सगळं दाखवणारी ती चित्रं बघत ते तासभर बसतात. पण गुळगुळीत कागदाचं वजन दिसलं की चकल्या की चित्रं हा प्रश्न येतो आणि चकल्या जिंकतात. लागतील तेवढीच प्रकरणं फाडून न्या, असा सल्ला अमेरिकेचा रिक स्टीव्हज खुशाल देतो. हे कळल्यापासून काकांनी त्याचं नाव टाकलं आहे.

एवढं करून काका जातात कशाने? ग्रुप टूरने. टूरच्या आधीच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका वाटली गेली. तिच्यात मंगळवारी लूव्र. काका ताडकन उभे राहिले, पान उघडून दाखवलं, सभागृहाने मान वळवून त्यांच्याकडे आदराने बघितलं. टूर मॅनेजर अजिबात गडबडला नाही. ‘‘काका, लूव्र आपण बाहेरूनच बघतो. पिरॅमिडसमोर वीस मिनिटं, फोटोला.’’

तुम्ही मात्र पॅरिसला आपले आपण जाणार असाल तर शेजारच्या काकांकडे पुस्तक जरूर मागा. वहीत तारीख टाकून, सही घेऊन का होईना, देतील. पानं फाडू नका. आणि लूव्र मंगळवारी बंद असतं, ऑर्से संग्रहालय सोमवारी.