थेंबवाल्या काकू

नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये काही पदं कायमची भरलेली असतात. सेक्रेटरी, पाणी सोडायची वेळ पाठ असलेले आजोबा, पार्किंगवरून कोर्टात जायची धमकी देणारे तळमजल्यावरचे गृहस्थ. अलीकडे त्यांत थेंबवाल्या काकूंची भर पडली आहे. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्ती, सकाळी घंटाळीला योगासनं, संध्याकाळी राम मारुती रोडला एक चक्कर, आणि पर्समध्ये तपकिरी काचेच्या चिमुकल्या बाटल्यांचा बटवा. लिफ्टमध्ये लव्हेंडर दरवळलं की समजावं, काकू आत्ताच वर गेल्या. पुदिना दरवळला तर कुणाचं तरी डोकं दुखत होतं आणि काकूंना ते कळलं.

काकूंचं ब्रीदवाक्य एकच: "नैसर्गिक आहे हो, साइड इफेक्ट शून्य!" बिब्बाही नैसर्गिकच असतो. तो एकदा अंगावर उतला की माणूस निसर्गाबद्दल आठवडाभर काही बोलत नाही. पण काकूंपुढे हे कोण बोलणार?

वास्तविक ही तेलं आपल्या घरांना नवी नाहीत. उटीच्या सहलीहून येताना निलगिरीची बाटली आणली नाही तर सहल झाली असं कुणी मानत नसे. लवंगेचं तेल दुखऱ्या दाढेसाठी असे. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत घातलं की तिन्ही घट्ट पदार्थ आपापसात विरघळून पातळ होतात. तीच अमृतधारा. पण या बाटल्या आजीच्या फडताळात अगदी वरच्या फळीवर असत आणि तेल बाहेर यायचं ते कापसाच्या बोळ्यावर. आजीला अरोमाथेरपी माहीत नव्हती. हे जहाल आहे, एवढं पक्कं माहीत होतं. काकूंच्या बाटल्या मात्र पश्चिमेच्या खिडकीत, मनी प्लांटशेजारी, रंगांप्रमाणे ओळीने मांडलेल्या. ऊन लागून तेल बिघडतं आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त चावतं, म्हणून तर ती काच तपकिरी. पण कपाटात ठेवल्या तर पाहुण्यांना दिसणार कशा?

काकूंना इतिहासही येतो. फ्रान्सच्या गॅटफॉसे नावाच्या रसायनतज्ज्ञाचा हात 1910 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला आणि लव्हेंडरने बरा झाला, ही गोष्ट त्या डोळे मोठे करून सांगतात. त्याने 1937 साली त्यावर पुस्तक लिहिलं, इथवर ठीक. मग येतो गुलाब. "एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणून हे महाग!" आकडा बरोबर आहे. फक्त तो किंमत पटवण्यापुरता वापरायचा. एवढ्या पाकळ्यांचा अर्क एका बाटलीत दाटला असेल तर एक थेंब किती जहाल असेल, हा पुढचा गुणाकार काकू करत नाहीत.

तो गुणाकार करते त्यांची धाकटी जाऊ. ती डोंबिवलीला राहते आणि फार्मसीच्या कॉलेजात शिकवते. आपल्याकडे बरोबर माहिती जावेकडून आली की ती माहिती राहत नाही, टोमणा होतो. जाऊ म्हणाली, "वहिनी, 30 मिली खोबरेल तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. तेवढं पुरे." काकूंनी ऐकलं ते असं: तुम्हाला प्रमाण कळत नाही. जाऊ म्हणाली, "स्वस्तातलं गुलाबाचं तेल जपून घ्या. पूर्वी आपल्या खानदेशातल्या रोशा गवताचं तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं." काकूंनी ऐकलं: तुम्ही फसलात.

त्यामुळे जावेचं बाकीचं बोलणंही वाया जात होतं. लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. विंटरग्रीनचं चमचाभर तेल पोटात गेलं तर अॅस्पिरीनच्या वीसेक गोळ्या एकदम खाल्ल्यासारखं होतं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, तेव्हा जिन्यातल्या बोक्याला टी ट्रीने पुसू नका. (बोका स्वतःच शहाणा. त्याने बिल्डिंग बदलली.) एकदाच जावेने आवाज चढवला. नातवाला सर्दी झाली होती आणि काकू वाफेच्या यंत्रावर निलगिरीची बाटली उपडी करत होत्या. "लहान मुलाला निलगिरी, कापूर नको! पोटात गेलं तर आकडी येते." काकूंनी बाटली ठेवली, आणि चहाही जरा जोरात ठेवला.

पुढे मे महिना आला. उकाड्याने काका हैराण. काकूंनी बादलीत पुदिना तेलाचे सढळ हाताने थेंब घातले. ज्या हाताला हिंग चिमटीने घालायची सवय, तो हात इथे का सुटतो, कळत नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वरच तरंगतं. त्यामुळे पहिल्याच तांब्याबरोबर काकांच्या अंगावर बहुतेक सगळं तेल आलं. ठाण्याच्या मे महिन्यात कुडकुडणारा माणूस सोसायटीने प्रथमच पाहिला. काका पाणी ओतत होते आणि आग वाढत होती. शेवटी जावेला फोन लागला. "पाणी बंद! खोबरेल चोळा, कपड्याने टिपा, मग साबण. आणि बाटली तोंडाला लावली नाही ना कुणी? लावली असेल तर उलटी काढू नका, बाटलीसकट थेट हॉस्पिटल." काका फोनच्या दिशेने हात जोडून उभे होते.

दुसऱ्याच दिवसापासून काकू बदलल्या. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप, डिफ्यूझर लावायचा तर खिडकी उघडी आणि अर्ध्या तासाने बंद. हे सगळं त्या सोसायटीला सांगतात ते "फ्रान्समध्ये असंच करतात" या शब्दांत. डोंबिवलीचा उल्लेख नाही.

सोसायटीला वाटलं, सुटलो. पण सुरक्षित काकू आधीच्या काकूंपेक्षा चिकट निघाल्या. कुणीही काहीही लावायला काढलं की त्या कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास थांबायला सांगतात. नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला काका पाटावर बसले, उटणं कालवलेलं, बाहेर कुणीतरी पहिला फटाका लावलेला. काकूंनी त्यांच्या कोपराला बोटभर उटणं लावलं आणि घड्याळ पाहिलं.

"आता उद्या पहाटे बघू."

"अगं, पण अभ्यंगस्नान आज आहे!"

"नरकासुराला घाई होती. तुम्हाला नाही."