हेराल्ड कशी सांभाळावी: नवशिक्या रत्नागिरीकरांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुम्ही स्टँडर्ड हेराल्ड विकत घेतली आहे, किंवा एखाद्या मामांनी ती तुमच्या गळ्यात घातली आहे. परिणाम दोन्हींचा सारखाच. घरच्यांना पहिल्याच दिवशी ठासून सांगा, की ही स्पोर्ट्स कार आहे. हे अगदीच खोटं नाही. जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन गृहस्थाने आखलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली. तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून दहाएक वर्षं हेराल्ड बनवली. म्हणजे तुमच्या अंगणात उभी आहे ती स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. धाकटीचं कौतुक झालं, थोरलीने संसार केला.

पायरी १: जागा निवडणे

गाडी फणसाखाली लावू नये. फणस नोटीस देऊन पडत नाही. माडाखाली तर मुळीच नको. उताराकडे तोंड करून लावावी. रत्नागिरीत सपाट जागा विकत घ्यावी लागते, उतार फुकट मिळतो. बॅटरी उतरली की हा उतारच तुमचा सेल्फ. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, बस्स. फक्त उताराच्या शेवटी विहीर, गडगा की शेजाऱ्यांची तुळस, हे आधी बघून ठेवावं.

पायरी २: पाने जमवणे

तुमच्याकडे पान्यांचा चांगला सेट असेल. तो मिलिमीटरचा आहे, गाडी इंचांची आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो, आणि षटकोनी नट गोल होतो. गोल नट काढायचं शास्त्र वेगळं आहे. त्यात छिन्नी, हातोडी आणि घरातल्या लहान मुलांनी ऐकू नयेत असे शब्द लागतात. म्हणून इंचाचे पाने आधी मिळवावेत: ७/१६, १/२ आणि ९/१६.

पायरी ३: बॉनेट उघडणे

इथे हेराल्ड इतर गाड्यांना लाजवते. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलंडतं. इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं आणि पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. तोटा एकच: रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकालाही ते दिसतं. पाचव्या मिनिटाला एक जण थांबेल. "काय हो, प्लग बघितलात काय?" दहाव्याला दुसरा. "प्लग नाय, कॉइल असेल." तिसरा काहीच बोलणार नाही, नुसता मान हलवेल. घाबरायचं ते त्याला.

पायरी ४: गाडी सुरू न होणे

ही स्वाभाविक अवस्था आहे. इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी एवढंच हवं असतं, आणि दोन्ही एकदम देणं हीच काय ती कला. आधी पेट्रोल: पंपाला हाताने मारायची छोटी दांडी आहे, ती चार-पाच वेळा मारावी. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची वाटेतच वाफ होते. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून शहाळं पिऊन यावं. फडक्याने काम होतं, शहाळ्याने धीर येतो. मग ठिणगी: डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासावेत आणि फट ०.०१५ इंच ठेवावी. प्लगच्या वायरी परत लावताना क्रम १-३-४-२. हा क्रम पाठ नसेल, तर गाडी सायलेन्सरमधून फटाके उडवून आठवण करून देते.

आताचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. पाइप आधीच बदलावेत. नाहीतर पेट्रोल आणि ठिणगी नको तिथे भेटतात.

पायरी ५: एक गंभीर सूचना

विनोद थोडा बाजूला. पुढच्या चाकांचा खुंटा खाली पितळी ट्रनियनमध्ये फिरतो. त्यात ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस घट्ट, ते आट्यांपर्यंत पोचत नाही. आटे कोरडे पडतात, पाणी शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस खुंटा तुटून चाक आडवं होतं. कोणताही मेस्त्री ग्रीसगन घेऊन प्रेमाने पुढे आला, तरी हात जोडून थांबवावं.

पायरी ६: गंज

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उरलेले महिने समुद्र खारी हवा पाठवतो. हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांनी चासीला बोल्टने जोडलेली. गंजलेला तुकडा काढता येतो, बोल्ट काढता आला तर. मृगाआधी चासीला जळकं ऑइल फासावं आणि दरवाजांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करावीत. पत्रा सडलाच, तर मिरकरवाड्याला होड्यांचं फायबर करणाऱ्यांकडे जाण्याचा मोह होईल. काम छान होतं, गाडी कदाचित तरंगेलही. पण पायरी ९ वाचून मग ठरवा.

पायरी ७: पार्ट

मिळत नाहीत. जुना पार्ट फडक्यात गुंडाळून आंबा घाट चढावा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यापुढे ठेवावा. तो विचारेल, "कशाचा आहे?" तुम्ही सांगाल. तो म्हणेल, "अजून आहे?" आणि करून देईल.

पायरी ८: चाचणी

इंजिन ९४८ सीसीचं आहे, घाटात कोणाशी स्पर्धा करू नये. मागची चाकं स्विंग अ‍ॅक्सलवर आहेत: वळणात घाबरून एकदम पाय उचलला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी शेपूट बाहेर काढते. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा. वळायला मात्र हिला जेमतेम पंचवीस फुटांचं वर्तुळ लागतं. भर बाजारात एका झटक्यात गाडी फिरवून दाखवली, की आठवडाभराची इज्जत भरून निघते.

पायरी ९: कायदा

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज नोंदणीचे नियम केले. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. म्हणजे होडीचा बेत रद्द. दुसरी अट ऐकून लोक दचकतात: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

तुम्ही दचकू नका. वरच्या आठ पायऱ्यांमध्ये याहून वेगळं काही होतं का? दुरुस्ती कधी संपली पाहिजे, हे नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा पाने मागे टाका आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून खुशाल एक फेरी मारा. कोणी अडवलंच तर खरं तेच सांगा: मेस्त्रीकडे चाललोय.