तळाला बसा, निवांत राहा

विलायतेत रग्बीचा हंगाम सरत आला की तळाच्या संघाचे पाठीराखे देव पाण्यात ठेवायचे. खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याची धास्ती! पण 2023-24 मध्ये न्यूकॅसलने लीगमधले 18 पैकी 18 सामने घालवले, तरी ते वरच राहिले. खालच्या श्रेणीतल्या विजेत्याचं मैदान म्हणे नियमात बसेना.

भिगवणच्या चहाच्या टपरीवर हे ऐकून कुणी चकित होणार नाही. आमची पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. शिक्षा काय? पुढच्या वर्षी पुन्हा हजर! तरी तिसऱ्या, 'करो या मरो'च्या चढाईला आमचा इंदापूरकर मोबाईल असा आवळतो, जणू बोनस त्याच्याच हातून निसटेल. 2024 मध्ये पलटणीने हरियाणाला 28-25 हरवून करंडक आणला, तेव्हा बारामतीत जो तो पहिल्यापासूनचा चाहता निघाला.

गावातल्या मंडळाने मात्र पंचक्रोशीतल्या सगळ्या ढाली जिंकल्या, तरी या लीगमध्ये चढायला वाट नाही. तिथे संघ विकत घ्यावा लागतो. कुणाकडे कोरं वर्गणी-पुस्तक असेल, तर कळवा.