‘टक्’ आवाज आल्यास

किल्ली फिरवली, बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच घडलं नाही, की हे मार्गदर्शन उघडावं. आधी वाचून ठेवण्यात अर्थ नाही. गाडी चालू असताना माणूस वायरिंगबद्दल वाचत नाही, आणि वाचलंच तर त्याला ते दुसऱ्याच्या गाडीबद्दल वाटतं.

सदर मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या फियाटच्या, खासगी मालकांसाठी आहे. गाडीला ओढायचा चोक आहे, नंबर एमएच-04 किंवा एमएच-05 आहे आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे वाढवून घेतली आहे, अशा सर्वांनी ते आपल्याला लागू समजावं. टॅक्सीवाल्यांची यातून सुटका झाली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायद्यानेच उतरली. खासगी गाडीला अशी सन्मानाची निवृत्ती नाही. ती दर पाच वर्षांनी पुन्हा पास होते, आणि तिच्याबरोबर तिचा बिघाडही पास होतो.

आता पहिली सूचना. बॉनेट उघडू नये.

बॉनेट वर गेलं की सोसायटीची आमसभा भरते, आणि एरवी कधी न होणारा कोरम या सभेला पाच मिनिटांत पूर्ण होतो. दूध आणायला निघालेले गृहस्थ न थांबता “बॅटरी गेली” असं सांगून पुढे जातात. दुसरे “माझ्या मेव्हण्याच्या अल्टोला सेम झालं होतं” इथून सुरुवात करतात आणि मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचतात. तिसरे फक्त “विका आता” म्हणतात. त्यांचं पार्किंग आपल्या शेजारी असतं, हे लक्षात ठेवावं. डोंबिवलीत मात्र या सभेला एक जाणकार हमखास असतो, तो म्हणजे प्रीमियरमधून निवृत्त झालेले काका. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या या कंपनीची पद्मिनी कुर्ल्यात बनायची, आणि 1990 च्या दशकात तिच्या कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो 309 बाहेर पडायची. त्यामुळे “मी प्रीमियरला होतो” असं म्हणणारा माणूस मानपाडा रोडवर आजही भेटतो. काका मडगार्डवर हात ठेवतात, डोळे बारीक करतात आणि “करंट खातेय कुठेतरी” असा निर्णय देतात. ते पेंट शॉपला होते हे नंतर कळतं. तरीही निर्णय लिहून ठेवावा, कारण त्या सभेत बरोबर बोललेला तो एकटाच माणूस असतो.

दुसरी सूचना बॅटरीबद्दल. जुन्या गाडीत पहिल्यांदा नेहमी बॅटरी बदलली जाते. ती खराब असते म्हणून नव्हे, ती दिसते म्हणून. नवी बॅटरी टाकली की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, मालक कुटुंबाला घेऊन तलावपाळीला चक्कर मारून येतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा ‘टक्’. इथे बॅटरीवाल्याशी भांडू नये. त्याने बॅटरी चांगलीच दिलेली असते.

‘पुढच्या रविवारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली आणि त्यानंतर इथल्या माणसाने कामावर गाडीने जाण्याचा विचारच मनातून काढून टाकला. सोमवार ते शनिवार तो लोकलला लटकतो आणि फियाट बिल्डिंगखाली आच्छादन पांघरून उभी असते. ओव्हरहेड वायरीत 25,000 व्होल्ट विनातक्रार वाहत असताना आपल्याला 12 व्होल्ट चार हात लांब नेता येत नाहीत, हा विचार ठाकुर्लीच्या आसपास डब्यात मनात येतोच. तो आला तरी शेजारच्या प्रवाशाला सांगू नये. त्याचाही कुणीतरी मेव्हणा असतो.

आता मोजमाप. मल्टिमीटर घ्यावा, स्टेशनबाहेर मिळतो तोही या कामाला पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. गाडी ढकलून सुरू करावी आणि इंजिनाला जरा रेस देऊन पुन्हा बघावं. 13.8 ते 14.4 आलं तर चार्जिंग ठीक. म्हणजे बॅटरी शाबूत, चार्जिंग शाबूत, आणि तरी आठवड्यात सगळं रिकामं. काकांचं वाक्य इथे पुन्हा वाचावं.

कोण खातंय ते शोधायला टेस्टलॅम्प पुरतो, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी. दरवाजे बंद, किल्ली खिशात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि टर्मिनल व केबल यांच्या मध्ये तो बल्ब धरायचा. फियाटमध्ये कॉम्प्युटर नाही, त्यामुळे झोपेत तिला काहीच लागायला नको. म्युझिक सिस्टीम असलीच तर स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरता किंचित करंट, ज्याने हा बल्ब पेटतही नाही. बल्ब पेटला तर चोर घरातच आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचं. जो काढल्यावर बल्ब विझतो, त्या सर्किटमध्ये चोर. मीटर लावून हेच करणाऱ्यांना एक ताकीद: मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नये. सेल्फला शंभरावर अँपिअर लागतात, मीटर दहाचा असतो, आणि आतून येणारा वास बराच वेळ रेंगाळतो.

पण सगळे फ्यूज काढले तरी बल्ब पेटलेलाच राहिला, तर? घाबरू नये, आता आपण योग्य वाटेवर आहोत. या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरी फ्यूजमधून जातच नाहीत. शिवाय मागच्या मालकांनी लावलेली आभूषणंही जात नाहीत. गाडीला बाहेरून काही जोडायचं झालं की दुकानदार सरळ बॅटरीवर वायर टाकतो, कारण तिथे करंट नक्की असतो. रिव्हर्सला वाजणारं गाणं, डॅशबोर्डवरचा पंखा, फॉगलॅम्प, पॉवर हॉर्न हे सगळे बॅटरीवर थेट बसलेले मानकरी आहेत. एकेकाची वायर सोडवत जावं.

शेवटी राहतो तो डॅशबोर्डवरच्या बाप्पाच्या मागे तेवणारा छोटा लाल दिवा.

इथे बहुतेकांचा तपास थांबतो. मिस्त्री पकड खाली ठेवतो. “साहेब, ही तुम्हीच काढा,” असं म्हणतो. साहेब बायकोकडे बघतात, बायको सासूबाईंकडे. निर्णय घेण्याआधी थोडा हिशेब करावा. दिवा तीन वॅटचा असेल तर तो पाव अँपिअर घेतो. चोवीस तासांत सहा अँपिअर-अवर, रविवार ते रविवार बेचाळीस. बॅटरी धरा चाळीसची. म्हणजे सात दिवस अखंड तेवून रविवारी सकाळी बरोबर आपण पूजा आटोपून किल्ली फिरवतो त्या वेळेला बॅटरी रिकामी झालेली असते. उपायही सोपा आहे. दिव्याची वायर किल्लीनंतरच्या फ्यूजवर घ्यावी, म्हणजे गाडी चालू असताना दिवा लागेल. घरात मात्र “आता गाडी चालू असताना बाप्पा जागे असतात” असंच सांगावं. व्होल्टेजचा उल्लेख करू नये.

वाचकांपैकी निम्मे इथेच सुटतील. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

उरलेल्या निम्म्यांचा बल्ब मुळात पेटलाच नव्हता. चोरी नाही, बॅटरी भरलेली, तरी ‘टक्’. शिवाय यांच्याकडे काही दैवी लक्षणं असतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा दिवा मिणमिणतो. उजवा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा पार्किंग लाइट त्याच ठेक्यात लुकलुकतो. हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा वर चढतो, ज्याचा आनंद मानण्याचा मोह होतो. या लक्षणांवर कोणी वायरिंग बदलतो, कोणी पूर्ण हार्नेस नवा टाका म्हणतो, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून कुठल्या तरी गाडीचा अख्खा जुडगा आणणारेही आहेत. काही आणू नये. हे सगळं अर्थिंगचं आहे.

जुन्या गाडीत बॅटरीचा करंट जायला वायर असते, परत यायला मात्र गाडीचा पत्राच. तो पत्रा ठाण्याच्या खाडीची हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस खात तीस वर्षं उभा आहे. मागच्या दिव्याचा होल्डर ज्या स्क्रूने पत्र्याला टेकतो त्या स्क्रूखाली गंज चढला, की परतीची वाट बंद. मग करंट ज्या बल्बमधून परत जाता येईल त्या बल्बमधून जातो, आणि ब्रेकचा हिशेब इंडिकेटर भरतो. स्क्रू काढावा, पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत घासावा, स्क्रू परत पिळावा, वर थोडं ग्रीस. काम झालं. यात विकत घेण्यासारखं काहीच नसल्यामुळे दुकानदार हा उपाय सहसा सुचवत नाही.

फ्यूजचंही तसंच. फियाटचा फ्यूज म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, चिनीमातीची छोटी कांडी आणि तिच्यावर धातूची पट्टी. पांढरी आठ अँपिअरची, लाल सोळाची. दोन पितळी पाकळ्यांच्या चिमटीत ती नुसती अडकवलेली असते. पाकळ्या सैल झाल्या, टोकं काळी पडली, की फ्यूज शाबूत आणि दिवा बंद. बोटाने कांडी जागच्या जागी गर्रकन फिरवावी. वायपर अचानक चालू झाला तर दचकू नये. फ्यूजबॉक्समध्ये सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आढळली, तर ती मात्र ताबडतोब काढून टाकावी. त्या चांदीला किती अँपिअरला वितळायचं ते माहीत नसतं. ती शाबूत राहते आणि वायर पेटते.

वायरींचे रंग बघून काही ठरवू नये. कंपनीने रंग विचार करून दिले होते. नंतरच्या प्रत्येक मिस्त्रीने त्या दिवशी हाताशी असलेली वायर वापरली. डॅशबोर्डखाली वाकून टॉर्च मारला की दरवाजाच्या बेलची वायर, स्पीकरची वायर आणि वितळून चिकट झालेल्या टेपचे गोळे दिसतात. प्रत्येक गोळ्याच्या आत दोन वायरी फक्त पीळ मारून जोडलेल्या आहेत, हे गृहीत धरावं. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीत कंपनीची वायर क्वचितच दगा देते. आधीची दुरुस्ती दगा देते.

आता मुख्य ‘टक्’. यासाठी हात वापरावा. चोक ओढून कोणालातरी तीन-चारदा सेल्फ मारायला सांगावं आणि मग बॉनेटखाली चोकच्या तारेला बोट लावून बघावं. ती गरम लागली तर शोध संपला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते विजेच्या दृष्टीने गाडीपासून तुटलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची एकच विणलेली पट्टी खाली कुठेतरी, चिखल उडतो त्या बाजूला असते. गिअरबॉक्स किंवा क्लचप्लेटचं काम करताना मिस्त्री ती सोडवतो आणि परत लावताना विसरतो, किंवा ती हिरवी पडून तुटते. मग सेल्फचे ते शंभरावर अँपिअर परत यायला वाट शोधतात आणि त्यांना सापडते ती चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची बारीक तार. ती तापते, सेल्फला पुरेसं मिळत नाही, आणि आतला सोलेनॉइड ‘टक्’ करून थांबतो. खात्री करायची असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टीच.

मिस्त्रीकडे जाताना एक पथ्य पाळावं. गाडी त्याच्यासमोर व्यवस्थित सुरू होते. बिघाडाला पत्रीपूल कळतो, शीळफाटा कळतो, गायमुखचा चढ तर फारच चांगला कळतो. गॅरेज मात्र कळत नाही. तेव्हा गाडी तापवून, हेडलाइट लावून आणि जमल्यास पावसातून न्यावी. “साहेब, प्रॉब्लेम काय?” या प्रश्नाला “कधी कधी होतं” हे उत्तर देऊ नये. “अर्थ पट्टी बघा” एवढंच सांगावं. तो वर बघेल, आणि मग पहिल्यांदाच गाडीखाली जाईल.

पट्टी नवी लावताना दोन्ही टोकांचा रंग आणि गंज खरवडून काढावा, बोल्टखाली दातेरी वायसर घालावा. चोकची तारही त्याच वेळी बदलून घ्यावी, कारण तिच्यातून सेल्फचा करंट गेलेला आहे आणि ती बाहेरून धड दिसली तरी आत भाजलेली असते. जुनी बॅटरी अजून दुकानदाराकडे पडून असेल तर जाऊन विचारावं. ती बहुधा चांगली होती.