चार धाम, दोन दर्शनं

आखाजी आली की खानदेशात लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात आणि पुरुषमंडळी पारावर पत्ते पिसत बसतात. तिकडे उत्तराखंडात याच अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री आणि गंगोत्रीची दारं उघडतात. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडचा एक प्राणी दरवर्षी आखाजीच्या आमरसाला मुकतो. तो म्हणजे यात्रेच्या गाडीचा ड्रायव्हर. बायको माहेरी गेलेली असते, त्यामुळे त्याला अडवणारंही कुणी नसतं.

त्याचं नाव काही असो, गाडीत तो आप्पा. जूनपासून एप्रिलपर्यंत आप्पा स्कूलबस चालवतो. सुट्टी लागली की टूरवाल्याचा फोन येतो आणि बसमधल्या पोरांच्या जागी त्यांचे आजी-आजोबा येऊन बसतात. आप्पाला फारसा फरक जाणवत नाही. हात बाहेर काढू नका, उलटी होणाऱ्यांनी पुढे बसा, खिडकीवरून भांडू नका. चहाला थांबून निघताना तो डोकी मोजतो. एक कमी भरतं. ते डोकं नेहमी शेजारच्या दुकानात स्वेटरचा भाव करत असतं.

जळगावात पारा ४५च्या घरात असताना गाडी सुटते. डिक्कीत कळण्याचं पीठ, शेव, ठेचा, उडदाचे पापड आणि त्यावर राखणदारासारखा आचारी. धुळ्याला आग्रा रोड धरायचा, पळासनेर ओलांडलं की बिजासनीच्या घाटात नारळ फोडायचा. नारळ किन्नर फोडतो. खोबऱ्याचा मोठा तुकडा आप्पाचा.

मैदानात आप्पा साधा ड्रायव्हर असतो. ऋषिकेशच्या पुढे तो अधिकारी होतो. लायसनवर डोंगरात गाडी चालवण्याची नोंद, गाडीचं ग्रीन कार्ड, ट्रिप कार्ड हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी शर्टाच्या आत. रात्री डोंगरात गाडी चालवायला बंदी आहे, हा नियम सरकारनं आपल्याला विचारूनच केला असावा, अशा थाटात तो ऐकवतो. बाकी त्याचं घाटाचं शास्त्र पक्कं. ज्या गिअरनं चढलो, त्याच गिअरनं उतरायचं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक दगा देतो. आणि चढणाऱ्याला आधी वाट. हा शेवटचा नियम आप्पाला स्वतः चढत असताना जास्त आठवतो.

मागून आवाज येतो, "आप्पा, आते कितलं राहिनं?"

"दोनच वळनं, माय."

ही दोन वळणं तीन तास चालतात.

बद्रीनाथला आचाऱ्याची फजिती ठरलेली. तीन हजार मीटरच्या वर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. वरून ते कितीही खदखदो, उघड्या पातेल्यातली तूरडाळ गोट्यांसारखी राहते. आप्पा लांबून सांगतो, "कुकर लाव." एवढं एक वाक्य बोलून तो जेवणाचं सगळं श्रेय घेतो.

पण आप्पाची खरी गोम वेगळीच आहे. गंगोत्री आणि बद्रीनाथला गाडी पार गावापर्यंत जाते, तिथं त्याचं दर्शन होतं. यमुनोत्रीला मात्र गाडी जानकीचट्टीला थांबते आणि पुढे पाच-सहा किलोमीटर चढ. केदारनाथला तर सोनप्रयागलाच थांबायचं. तिथून गौरीकुंडापर्यंत तिथल्या जीपा आणि मग १६ किलोमीटर पायी, घोड्यावर नाहीतर डोलीत. सगळ्यांच्या पिशव्या आणि आठवड्याचा शिधा गाडीत. सोडून जाणार कसं? यात्रेकरू "हर हर महादेव" करत निघतात आणि आप्पा सीट मागे करून घोंगडी ओढतो. दहा सीझन झाले, केदारनाथाच्या पायथ्याशी एवढी झोप दुसऱ्या कुणी काढली नसेल.

म्हणजे हिशेबानं आप्पा दोनधामी. पण ऐकणाऱ्याला शंका यायची नाही. २०१३च्या जूनमध्ये पूर आला तेव्हा मंदिरामागे येऊन अडकलेली भीमशिला किती मोठी, हे तो दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवतो. नंदीचं तोंड, दाराशी लागलेली रांग, पहाटेची बर्फाळ हवा, सगळं तोंडपाठ. माहितीचा उगम म्हणजे परतलेल्या यात्रेकरूंचे मोबाइल. फोटो बघता बघता तो त्यांनाच दुरुस्त करतो, "हे मागच्या बाजूनं काढलं वाटतं."

परतीच्या वाटेवर स्वेटर एकेक करून उतरतात. सेंधव्याला येईपर्यंत गाडीत फक्त बनियनं आणि पदरानं घेतलेला वारा उरतो.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. पहिल्याच सकाळी आप्पा आरशात बघत पोरांना केदारनाथ सांगू लागतो. बर्फ, घंटा, भीमशिला. सगळी बस गप्प. तेवढ्यात तिसऱ्या सीटवरून एक पोरगी म्हणते, "आप्पा, माझी आजी आली होती ना तुमच्या गाडीत. ती तर म्हणे, तुम्ही खालीच झोपेल होते."

समोर रस्ता रिकामा असतो. तरीही आप्पा जोरात हॉर्न वाजवतो.