वकील संघाचा सूचना फलक : एक उत्खनन

तालुक्याच्या गावातील न्यायदानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने निकालपत्रे आणि रोजनामे यांच्या मागे लागण्याआधी बाररूमच्या दारालगत टांगलेल्या सूचना फलकासमोर अर्धा तास उभे राहावे. कारण न्यायालयात काय घडले हे निकालपत्रांतून कळत असले, तरी काय घडले नाही आणि का घडले नाही, याचा अस्सल पुरावा या फलकावरच मिळतो. बाररूम म्हणजे न्यायालयाच्या आवारातील वकिलांची बसण्याची खोली. यातील 'बार' हा शब्द इंग्लंडमधील न्यायालयांत वकील ज्या कठड्यापाशी उभे राहत त्या कठड्यावरून आला असून, त्याच नावाच्या दुसऱ्या व्यवसायाशी त्याची सांगड घालणारा विनोद दर स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे आताच सुचल्यासारखा सांगत असतात, म्हणून तो येथे सांगितला आहे असे समजून पुढे जाणे इष्ट.

फलकाचा मालक असलेला वकील संघ आणि बार कौन्सिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्षकारांना तर नाहीच, पण काही नवोदित वकिलांनाही पहिली दोन वर्षे उमगत नाही. बार कौन्सिल ही अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये अस्तित्वात आलेली वैधानिक संस्था असून, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या अधिकारक्षेत्रात ही दोन राज्ये आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एवढा प्रदेश येतो. सनद देणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणे ही तिची कामे. वकील संघ मात्र एकेका न्यायालयाच्या आवारातील वकिलांनी स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना असते, तिला सनद देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. तिच्या हाती असतात ते पंखे, खुर्च्या, चहाचे खाते, ग्रंथालयाचे एक कपाट आणि ठराव करण्याचा अमर्याद अधिकार.

फलक स्वतः साधा असतो. लाकडी चौकट, आत एकेकाळी हिरवी असलेली बनात आणि वर कुलूपबंद सरकती काच. या कुलपाची किल्ली संघाच्या शिपायाकडे असते आणि शिपाई बहुधा चहा सांगायला गेलेला असतो, त्यामुळे नवीन सूचना काचेच्या आत न लागता काचेवरच, चिकटपट्टीने, आदल्या सूचनेच्या डोक्यावर चिकटवली जाते. परिणामी काचेच्या आत तीन अध्यक्षांपूर्वीचा काळ हवाबंद टिकून राहतो आणि बाहेर वर्तमान थरांवर थर चढवत जाते. पुराणवस्तू संशोधकाने पांढरीच्या टेकाडाचे थर ज्या सावधगिरीने उकलावेत, त्याच सावधगिरीने हे कागद उकलावे लागतात, कारण एक ओढला की चार येतात.

सर्वांत वरच्या थरात 'तातडीची सभा' सापडते. ही सभा सकाळी १०.४५ वाजता असते, कारण ११ वाजता न्यायालय बसते आणि सभा नेमकी न्यायालय बसण्यासंबंधी असते. सूचनेच्या तळाशी गणपूर्तीविषयी एक ओळ असते. गणपूर्ती म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती. ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि मग तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही, असे त्या ओळीत म्हटलेले असते. दिवसभर इतरांच्या प्रकरणांत मुदतीचे अर्ज देणाऱ्या मंडळींना स्वतःची सभाही एक तारीख पडल्याशिवाय सुरू करता येत नाही, ही गोष्ट सवयीचे सामर्थ्य दाखवते.

या सभेतून जन्माला येणाऱ्या ठरावाची भाषा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २००२ रोजी वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराची हाक देण्याचा अधिकार नाही, असा निर्णय दिला. बार व न्यायासन यांची प्रतिष्ठा, सचोटी आणि स्वातंत्र्य यांचाच प्रश्न उभा राहिला, तर अशा अगदी विरळा प्रसंगी एक दिवसापुरती डोळेझाक करता येईल, तीही संघाच्या अध्यक्षाने आधी जिल्हा न्यायाधीशांशी विचारविनिमय केल्यावर, अशी फट त्यात ठेवली. तेव्हापासून 'संप' आणि 'बहिष्कार' हे शब्द फलकावरून नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी 'अलिप्त' हा शब्द आला. 'सर्व सदस्य आज रोजी न्यायालयीन कामकाजापासून अलिप्त राहतील' या वाक्यात कोठेही संप नाही. त्यात गीतेतल्या कर्मयोग्याची छटा आहे. अलिप्त वकील गैरहजरही नसतो. तो न्यायकक्षापासून तीस पावलांवर, पंख्याखाली बसलेला असतो, आणि आत पुकारा झाला तर प्रतिकूल आदेश होत नाही ना, एवढे पाहण्यासाठी त्याने दाराशी ज्युनिअर उभा केलेला असतो. ठरावाची प्रत न्यायाधीशांकडे जाते, तिच्या अखेरीस कोणाविरुद्धही प्रतिकूल आदेश करू नयेत अशी नम्र विनंती असते, आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या दैनंदिन नोंदीत, 'उभयतांचे वकील गैरहजर, पुढील तारीख' असे एक निर्विकार वाक्य उतरते.

त्याच निकालाने निषेधाचे काही सभ्य मार्गही सुचवले आहेत. निवेदने, फलक, आवाराबाहेरचे शांततापूर्ण मोर्चे यांच्या जोडीला काळी, पांढरी किंवा अन्य कोणत्याही रंगाची फीत दंडावर बांधता येते. यातील काळ्या फितीचा पर्याय कोणी सुचवला असेल, त्याने वकिलाचा गणवेश लक्षपूर्वक पाहिला नसावा. काळ्या कोटाच्या बाहीवर बांधलेली काळी फीत ज्याने बांधली त्यालाच माहीत असते आणि संध्याकाळी कोट खुंटीला लावताना तोही विसरतो. म्हणून जाणती मंडळी लाल फीत निवडतात.

येथे न्यायबुद्धीने एक नोंद करणे भाग आहे, ती अशी की अलिप्ततेच्या या शास्त्रात महाराष्ट्र अग्रेसर नाही. देहरादून जिल्हा वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल २८ फेब्रुवारी २०२० रोजी आला, त्यातून असे दिसते की उत्तराखंडातील देहरादून, हरिद्वार आणि उधमसिंग नगर या जिल्ह्यांत पस्तीसहून अधिक वर्षे दर शनिवारी काम बंद राहत असे. त्याखेरीज काम बंद ठेवण्याची जी कारणे न्यायालयापुढे आली, त्यांत पाकिस्तानातील शाळेवरचा बॉम्बहल्ला, श्रीलंकेच्या राज्यघटनेतील दुरुस्ती, नेपाळचा भूकंप, मुसळधार पाऊस आणि कविसंमेलन यांचा समावेश होता. यांपैकी कविसंमेलनासाठी काम बंद ठेवण्याची रसिकता मराठी वकिलांना अद्याप साधलेली नाही. त्यांच्या कविता निरोप समारंभात, कामकाज संपल्यावर होतात.

मात्र सर्वच ठराव वाऱ्यावर जातात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील फलकांवर चार दशकांहून अधिक काळ एक सूचना पिढीजात दागिन्यासारखी पुढच्या कार्यकारिणीकडे सोपवली जात होती, ती म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाच्या मागणीची. खंडपीठ म्हणजे मुख्य आसनाबाहेर कायम बसणारा उच्च न्यायालयाचा भाग, जसा नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातील पर्वरी येथे आहे. सर्किट बेंच म्हणजे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने नेमून दिलेल्या ठिकाणी भरणारे, फिरत्या स्वरूपाचे न्यायासन. मागणीमागचे कारण भूगोलाचे होते. कोल्हापूरच्या पक्षकाराने रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसावे, सकाळी मुंबईत उतरून तोंड धुवावे, वकिलांच्या मागे उच्च न्यायालयाचे जिने चढावेत, प्रकरण बोर्डावर असूनही निघाले नाही असे दुपारी ऐकावे आणि रात्री त्याच गाडीने परत यावे, हा क्रम कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे दाव्यासोबतच गेला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि अलिप्ततेचे दिवसही पुष्कळ गेले. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. हलगी वाजली, पेढे वाटले गेले, आणि सहा जिल्ह्यांच्या फलकांवरील एक कायमची जागा रिकामी झाली. अर्थात सर्किट बेंच हे खंडपीठ नव्हे, हा भेद ध्यानात घेता ती जागा फार दिवस मोकळी राहील, असे मानण्यास आधार नाही.

'तातडीच्या सभे'च्या खालच्या थरात निवडणूक असते. मतदाराची वार्षिक वर्गणी भरलेली असली पाहिजे, हा नियम असल्याने एरवी नोटिसांनाही दाद न देणारी थकबाकी निवडणुकीच्या आठवड्यात आपोआप वसूल होते. ती कोण भरते याची चौकशी खजिनदार करत नाही, कारण बहुधा तोही उमेदवार असतो. प्रचार हळुवार चालतो. एरवी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, मुदतीत दिली नाही म्हणून कडाडणारा सिनिअर त्या आठवड्यात समोरच्याच्या मुदतीच्या अर्जावर स्वतः 'हरकत नाही' लिहून सही करतो. तालुक्याचा दिवाणी न्याय सर्वांत प्रेमळ असण्याचा काळ हाच.

अध्यक्षपदाची ही ओढ अनाकलनीय वाटावी असा एक नियम आहे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतील ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करण्यास मनाई करतो, नावाची पाटी वाजवी आकाराची असावी असे सांगतो, आणि त्या पाटीवर आपण एखाद्या वकील संघाचे अध्यक्ष किंवा सदस्य आहोत वा होतो असा उल्लेख करता येणार नाही, असेही स्पष्ट बजावतो. म्हणजे जे पद मिळवण्यासाठी चार महिने घालवावेत, ते दारावर लिहिता येत नाही. नियमाचा काटेकोर मान राखून पाटी वीतभरच राहते, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी बसस्थानकाच्या कोपऱ्यावर दहा बाय वीसचा फ्लेक्स लागतो, ज्याच्या खाली 'शुभेच्छुक : मित्रपरिवार' असे लिहिलेले असते. मित्रपरिवार सनदधारक नसल्याने त्याला ३६ वा नियम लागू होत नाही, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे.

क्रिकेट सामने, रक्तदान, मे महिन्याच्या सुट्टीतील सहल आणि ३ डिसेंबरचा, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या जयंतीनिमित्त साजरा होणारा वकील दिन यांच्या सूचना सर्वत्र सारख्याच असल्याने त्यांवर थांबण्याचे कारण नाही. स्वागत आणि निरोप यांच्या सूचनांवर मात्र एक विचित्र गोष्ट आढळते. बदलून जाणारे न्यायाधीश आणि बदलून येणारे न्यायाधीश यांच्यासाठी एकच मसुदा वापरात असून त्यात केवळ नाव बदलले जाते. 'त्यांच्या कारकिर्दीत बार आणि बेंच यांचे संबंध सलोख्याचे राहिले' हे वाक्य एकदा घाईत नव्या साहेबांच्या स्वागतालाच वाचले गेल्याचे जुने सभासद सांगतात. न्यायाधीश दर तीनेक वर्षांनी जातात, अध्यक्ष त्याहूनही लवकर जातात, आणि शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ पुरवणारा दुकानदार तेवढा स्थिर असतो.

फलकाच्या समोरच्या भिंतीवर लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर यांच्या तसबिरी असतात. टिळकांनी एलएल.बी. होऊन वकिली केली नाही. गांधीजींचे नाव इनर टेम्पलने १९२२ मध्ये पटावरून काढले आणि १९८८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी, परत घेतले. मुंबईत रीतसर वकिली केलेले बाबासाहेब तेवढे संघाच्या घटनेप्रमाणे सभासदत्वास पात्र ठरतात. तसबिरींखालच्या बाकावर, हातात पिशवी घेऊन, पहाटेच्या एसटीने आलेला पक्षकार बसलेला असतो. त्याचा निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्यासोबत दिलेला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, तिसऱ्या वर्षात असून 'तूर्तातूर्त' या शब्दाचा अर्थ तो आता कोणाला विचारत नाही. फलक तो रोज वाचतो असे मात्र नाही. शिपायाच्या चेहऱ्यावरून त्याला कळते.

उत्खनन तळाशी नेले असता काचेच्या आत, बनातीवर, गंजलेल्या टाचण्यांनी लावलेले तीन कागद शिल्लक राहतात. पहिला ग्रंथालयातून नेलेले लॉ जर्नलचे अंक परत करण्याविषयी आहे. दुसरा वर्गणी थकलेल्या सदस्यांची यादी असून तीत पुढे अध्यक्ष झालेली दोन नावे आहेत. तिसऱ्या कागदावर फलकाच्या कुलपाची किल्ली हरवली असून ती कोणास सापडल्यास सचिवांकडे जमा करावी, असे कळवले आहे. हा कागद काचेच्या आत आहे आणि कुलूप लागलेले आहे.