फायरवॉल बंद करून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यास खुले पत्र

शेअरिंग चालू करून देणाऱ्या महाशयांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही.

आमच्या छोट्या प्रकाशनात अक्षरजुळणी विंडोजवर होते, मुखपृष्ठं मॅकवर होतात आणि सगळ्या फाइली उबंटूच्या एका मशीनवर राहतात. नव्याने घेतलेल्या विंडोज ११ प्रोवरून ते सामायिक फोल्डर उघडेना. नाव-पासवर्ड विचारायचं, दिला की नाकारायचं. तुम्हाला बोलावलं. चहा संपायच्या आत फोल्डर उघडलं, तुम्ही ‘झालं काम’ म्हणालात आणि बिल फाडून गेलात.

काय झालं ते नंतर पाहिलं. विंडोज फीचर्समध्ये ‘एसएमबी १.०’, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, तिच्यासमोर टिक. उबंटूवरून फाइली वाटणाऱ्या सांबाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’, म्हणजे तीच जुनी आवृत्ती. गेस्टला मुक्तद्वार, फोल्डरला ७७७ परवानगी (कोणीही वाचा, कोणीही पुसा) आणि दोन्हीकडची फायरवॉल बंद. कुलूप उघडेना म्हणून तुम्ही दारच उचकटलंत, आणि त्याची मजुरीही घेतलीत!

ज्या एसएमबी १ ला तुम्ही उठवून बसवलंत, त्याचे प्रताप तुमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसावेत? त्यातल्या छिद्रावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला होता. तो न बसवलेल्या संगणकांतून १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. लगेच जूनमध्ये नॉटपेट्या आला. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक हेच छिद्र होतं. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पाडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली. सांबानेही २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून ते आपणहून बंद ठेवलं. बनवणाऱ्यांनी गाडलेलं भूत तुम्ही आमच्या ऑफिसात, लेखकांच्या हस्तलिखितांशेजारी, आणून बसवलंत.

आणि दुखणं होतं काय? लिनक्सवर यूजर होता, पण सांबाची पासवर्डची यादी वेगळी असते आणि तिच्यात तो यूजर नव्हता. एका कमांडने तो तिथे नोंदवला, विंडोजमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद पुसली आणि फोल्डर उघडलं. एसएमबी ३ वर, फायरवॉल चालू ठेवून.

तुम्हाला फक्त क्रमाने बघायचं होतं. आयपी पत्त्याने दुसरं मशीन सापडतं का? विंडोजमधलं नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’? एसएमबीचं ४४५ नंबरचं पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपुरतं खुलं आहे का? मग यूजर, आणि सर्वांत शेवटी फोल्डरची परवानगी. विंडोजवरचं फोल्डर असेल तर शेअरची आणि डिस्कवरची अशा दोन परवानग्या, त्यातली कडक असेल ती लागू. विंडोजचा पिन नेटवर्कवर चालत नाही, पासवर्डच लागतो. मॅकवरचं फोल्डर विंडोजवरून उघडायचं तर शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये त्या खात्यासमोर वेगळी टिक लागते. यातलं काहीही तुम्ही पाहिलं नाहीत, कारण बघण्यात वेळ जातो आणि बिल मात्र तेवढंच होतं.

गेस्टचं तर विंडोज स्वतःच सांगत होतं. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर सही मागतं, आणि बिनपासवर्डच्या गेस्टला ती करता येत नाही. हा अडथळा मुद्दाम घातलेला आहे. तुम्ही तो बिघाड समजून काढून टाकलात.

मला राग येतो तो याचा, की तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. किराणा दुकानदार, वकील, डॉक्टर यांना फोल्डर उघडलेलं दिसतं आणि ते तुम्हाला धन्यवाद देतात. त्यांच्या अशिलांचे कागद, रुग्णांचे रिपोर्ट त्यांच्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येक मोबाइलसमोर उघडे पडलेत, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा जिथे जिथे तुम्ही असं ‘काम’ केलंय, तिथे परत जा आणि सगळं पूर्ववत करून द्या. नवं बिल न करता.

आणि वाचकहो, तुमच्याकडे असा कोणी येऊन गेला असेल तर आज विंडोज फीचर्सची यादी उघडा. ‘एसएमबी १.०’ समोर टिक दिसली तर ती काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि फायरवॉल चालू आहे ना, तेही बघून घ्या.